कॉलऱ्याचा जंतू आणि आतड्याची पेशी

थेंबातील सृष्टी

तळ्यातील पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला, म्हणजे नुसत्या डोळ्यांना निवांत भासणाऱ्या त्या पाण्यात केवढी वर्दळ चाललेली असते, हे ध्यानात येते. चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामेशियम अंगावरील असंख्य बारीक केस हालवीत गिरक्या घेत जातो. हिरवा युग्लीना चाबकासारख्या एका धाग्याने पाणी कापीत पुढे सरकतो. डायटमांची काचेसारखी नक्षीदार कवचे इकडेतिकडे विखुरलेली दिसतात. मध्येच जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सायक्लोप्स झटका देऊन दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो.

यांपैकी सायक्लोप्सचे शरीर अनेक पेशींचे बनलेले असते. पॅरामेशियम, युग्लीना व डायटम यांचे मात्र सारे शरीर म्हणजे एकच पेशी होय. अन्न मिळविणे, मळ बाहेर टाकणे, हालचाल करणे आणि आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करणे ही सर्व कामे ती एकटी पेशीच करते. शाळेतील पाठ बहुधा येथे संपतो. विद्यार्थी आकृत्या काढतात, नावे पाठ करतात आणि सूक्ष्मदर्शक पुन्हा पेटीत जातो. परंतु ज्या जीवांची चित्रे वहीत काढावयाची, त्यांच्याशी मनुष्याच्या जीवनमरणाचा संबंध कसा येतो, हे समजल्याखेरीज पेशीचा अभ्यास पुरा झाला असे म्हणता येणार नाही. हा संबंध स्पष्ट करणारी एक कथा कलकत्ता शहरात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, घडली. तिची सुरुवातही तळ्याच्या पाण्यापासूनच होते.

पेशीची कल्पना

इंग्लंडमधील रॉबर्ट हुक याने 1665 मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात त्याला मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. इंग्रजीत त्यांना त्याने जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘खोली’ असा आहे. पुढे काही वर्षांतच हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून पाण्यातील आणि दातांवरील किटणातील जिवंत सूक्ष्म प्राणी पाहिले. 1838 मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांविषयी असा सिद्धांत मांडला, की त्यांची शरीरे पेशींचीच बनलेली असतात. 1858 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फिरखो या जर्मन वैद्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. रोग म्हणजे पेशींच्या व्यापारात झालेला बिघाड होय, असे त्याने प्रतिपादन केले.

पेशींच्या आकारमानात मोठा फरक असतो. कांद्याच्या पातीवरील पापुद्र्यातील पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब असते. गालाच्या आतल्या अस्तरातील पेशी तिच्या पाचव्या हिश्शाएवढी भरते. या दोन्ही पेशींत मधोमध किंवा कडेला केंद्रक दिसते. जंतूंची पेशी याहून पुष्कळच लहान असून तिच्यात वेगळे केंद्रक नसते. कॉलऱ्याच्या जंतूचे उदाहरण घेतले, तर असे सुमारे पाचशे जंतू एकापुढे एक मांडावे तेव्हा त्यांची रांग एक मिलिमीटर लांब होईल.

तळ्याकाठचा शोध

कॉलऱ्याला महाराष्ट्रात पटकी म्हणत. रात्री धडधाकट निजलेला मनुष्य सकाळी हगवण आणि वांत्या यांनी अर्धमेला व्हावा, त्याचे डोळे खोल जावेत, हातापायांत गोळे यावेत आणि संध्याकाळपर्यंत त्याला स्मशानात न्यावे लागावे, असा हा रोग. गावोगाव मरीआईला नवस होत. बंगालमध्ये हिंदू व मुसलमान दोघेही ओलाबीबीची करुणा भाकीत. 1817 मध्ये बंगालमधून निघालेली साथ देशोदेशी पसरली आणि त्यानंतर एकामागून एक साथींनी जगाला ग्रासले.

1854 मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी याने कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यांत वाकडे जंतू पाहिले. पण त्याच्या लिखाणाकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो याने हा रोग पिण्याच्या पाण्यातून पसरतो, हे रोग्यांच्या घरांची गणती करून दाखविले. 1883 मध्ये इजिप्तमध्ये साथ उद्भवली, तेव्हा रॉबर्ट कोख हा जर्मन शास्त्रज्ञ तेथे गेला. साथ ओसरू लागल्यावर रोगाचा माग काढीत तो त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यास येऊन पोहोचला.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कोखने काम सुरू केले. कॉलऱ्याने दगावलेल्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखे किंचित वाकलेले जंतू सापडले. इतर रोगांनी मेलेल्यांच्या आतड्यांत ते नव्हते. जिलेटिनच्या थरावर ते वाढवून 1884 च्या जानेवारीत त्याने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शहराच्या बेलियाघाटा भागात एका तळ्याच्या काठी कॉलऱ्याचे रोगी आढळले, तेव्हा त्याने त्या तळ्याचे पाणी तपासले. बंगालमध्ये अशा तळ्याला ‘पुकुर’ म्हणतात. स्नान, धुणी आणि पिण्याचे पाणी यांसाठी ते एकच होते आणि रोग्याचे कपडेही त्यातच धुतले गेले होते. त्या पाण्यात कोखला तोच वाकडा जंतू मिळाला. सूक्ष्मदर्शकाने पाहिलेला जीव आणि वस्तीवर कोसळलेले संकट यांचा सांधा अशा रीतीने जुळला.

एक प्रश्न अनुत्तरित राहतो

जंतू सापडला, म्हणजे सर्व उलगडले असे नव्हे. हा जंतू रक्तात शिरत नाही व आतड्याच्या भिंतीत फारसा घुसत नाही. तो आतड्याच्या पोकळीत, अस्तराला चिकटून राहतो. असे असता रोग्याच्या शरीरातून दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी कसे निघून जाते? जंतू एखादे विष तयार करीत असावा, असा तर्क खुद्द कोखने केला होता. परंतु ते विष प्रयोगाने कोणालाच दाखविता येईना. संशोधक जंतूंचा द्राव सशांच्या व गिनीपिगांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचीत. प्राणी मरत, पण त्यांना कॉलरा होत नसे. यावरून पुष्कळांनी असा ग्रह करून घेतला, की विष जंतूच्या शरीरातच बंदिस्त असते आणि जंतू फुटल्यावरच ते बाहेर पडते. आतड्याचे अस्तर सोलून निघते व त्या उघड्या जागेतून पाणी पाझरते, असेही मानले जाई.

दोऱ्याच्या दोन गाठी

या कोड्याचे उत्तर कलकत्त्यातच मिळाले, परंतु त्यासाठी पाऊणशे वर्षे जावी लागली. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात 1915 मध्ये जन्मलेले शंभुनाथ दे हे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजमध्ये शिकले. लंडन येथे विकृतिशास्त्राचा अभ्यास करून 1949 मध्ये ते परतले आणि अध्यापन करता करता कॉलऱ्याच्या संशोधनाकडे वळले.

देंनी विचारलेला प्रश्न साधा होता. मनुष्यात हा जंतू आतड्याच्या पोकळीत राहतो. मग प्राण्यांत तो रक्तात का टोचावयाचा? त्यांनी सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडले आणि लहान आतड्याचा काही इंच लांबीचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून घेतला. रक्तपुरवठा चालू, पण दोन्ही तोंडे बंद, अशी ती एक पिशवीच झाली. तिच्यात जंतूंचा द्राव टोचून पोट शिवले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तो तो भाग तांदळाच्या धुवणासारख्या द्रवाने टम्म फुगला होता. कॉलऱ्याच्या रोग्याच्या जुलाबाचे रूप हेच असते. जंतू न घातलेला भाग मात्र रिकामाच राहिला. हा प्रयोग दे आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केला.

तरीही एक शंका उरत होती. हे काम जिवंत जंतूंचे, की त्यांनी बाहेर टाकलेल्या एखाद्या द्रव्याचे? देंनी जंतू द्रवात वाढविले आणि तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की त्यात एकही जंतू राहू नये. हा जंतुविरहित द्रव त्यांनी बांधलेल्या आतड्यात घातला. आतडे पूर्वीप्रमाणेच फुगले. म्हणजे जंतू जिवंत असतानाच एक विष बाहेर सोडतो आणि ते आतड्याच्या आतील बाजूने आले तरच कॉलऱ्याची क्रिया घडते, हे सिद्ध झाले. 30 मे 1959 रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापला गेला. त्यासाठी रेशमी दोरा, पिचकारी, गाळणी आणि नेमका विचार, एवढेच साहित्य पुरले.

मुंबईचाही या कामात वाटा आहे. परळ येथील हाफकिन संस्थेत दत्ता आणि हब्बू यांनी 1955 मध्ये सशाच्या लहान पिलांत कॉलरा निर्माण करून दाखविला होता. 1959 मध्ये त्याच संस्थेतील दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा पुढे मांडला.

देंच्या शोधाचे महत्त्व त्यांच्या देशात लवकर ओळखले गेले नाही. 1978 मध्ये नोबेल प्रतिष्ठानाच्या कॉलऱ्यावरील परिसंवादाला त्यांना मानाने बोलाविण्यात आले. अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले होते. 1985 मध्ये दे यांचे निधन झाले. त्यानंतर 1990 मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकाने त्यांच्या कार्याला वाहिलेला अंक काढला.

पेशीत काय घडते

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे लक्षावधी बारीक उंचवटे असतात. त्यांच्यावर पेशींचा एकच थर असतो. खाण्यापिण्यातून आलेले आणि पाचकरसांतून उतरलेले असे रोज सुमारे आठ-नऊ लिटर पाणी या थरासमोरून जाते व त्यातील बहुतेक सर्व परत शरीरात शोषले जाते. पाणी शोषून घेणे आणि थोडे पाणी बाहेर सोडणे या दोन्ही क्रिया या पेशी तोलून धरतात.

1969 मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात मिळविले आणि हळूहळू त्याची करणी उघड झाली. विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एका भागाचे पाच सारखे तुकडे पेशीच्या पृष्ठावरील विशिष्ट रेणूला घट्ट धरतात. दुसरा भाग पेशीच्या आत जातो आणि तेथील एका प्रथिनाला कायमचे ‘चालू’ अवस्थेत अडकवून ठेवतो. परिणामी पेशीत आज्ञावाहक द्रव्याची बेसुमार वाढ होते, तिच्या आवरणातील क्लोराइडची दारे उघडी राहतात आणि क्षार आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात. जेथे क्षार जातात, तेथे त्यांच्यामागोमाग पाणी जाते. चावी अडकून बसलेल्या नळासारखी त्या पेशीची स्थिती होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पेशी मरत नाही, फुटत नाही आणि सोलूनही निघत नाही. बँकॉक येथे कॉलऱ्याच्या रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासण्यात आले, तेव्हा अस्तर शाबूत असल्याचे आढळले. रोगी मरतो तो पाणी आणि क्षार यांच्या अभावाने. आतड्याच्या अस्तरातील पेशी तर दर तीन ते पाच दिवसांनी आपोआप गळून नव्या येतात. तेवढा काळ रोग्याच्या शरीरात पाणी टिकवून धरता आले, तर विषबाधा झालेल्या पेशी निघून जातात आणि तो बरा होतो.

उघडा राहिलेला दरवाजा

पाणी टिकवावे कसे? शिरेतून क्षारजल देणे हा खात्रीचा उपाय खरा. पण त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि प्रशिक्षित माणसे लागतात. नुसते पाणी पाजले तर ते जुलाबावाटे निघून जाते. येथेही पेशीच्या अभ्यासाने वाट दाखविली. आतड्याच्या पेशीत साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारा एक स्वतंत्र मार्ग असतो, असे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडले. कॉलऱ्याचे विष या मार्गाला बंद करीत नाही. म्हणून मिठाबरोबर योग्य प्रमाणात साखर दिली, की दोन्ही पेशीत शिरतात आणि आपल्यामागून पाणी ओढून नेतात. कलकत्त्यातील डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना तोंडाने असे द्रव दिल्याचा वृत्तांत 1953 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दिला होता. 1968 मध्ये ढाका येथे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांनी या उपचाराला बळकट आधार दिला.

त्याची खरी परीक्षा 1971 मध्ये झाली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे क्षारजल संपत आले आणि रोगी रुग्णालयाच्या जमिनीवर दाटीवाटीने पडले होते. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातून आलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या तयार करविल्या. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा असे त्यांचे प्रमाण होते. रोग्यांचे आप्तच त्यांना हे पाणी वाटीने पाजू लागले. पूर्वी शंभर रोग्यांत सुमारे तीस दगावत. या उपचाराने ते प्रमाण चारच्याही खाली आले. अशी पुडी पुढे जगभर गेली आणि औषधाच्या दुकानांत आज तिचे सुधारलेले रूप ‘ओआरएस’ या नावाने मिळते. ती जवळ नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून लगेच पाजावयास सुरुवात करावी व रोग्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

सायक्लोप्स पुन्हा एकदा

आरंभी दिसलेल्या सायक्लोप्सकडे आता पुन्हा वळावे. कॉलऱ्याचा जंतू पाण्यात नेहमी सुटा भटकत नाही. सायक्लोप्सच्या जातीच्या प्राण्यांच्या कवचाला चिकटून तो मोठ्या संख्येने राहतो. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळून घेण्याची सवय लावण्यात आली, तेव्हा कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. जंतू कापडाच्या छिद्रांतून सहज पार होतो. पण तो ज्याच्या अंगावर बसलेला असतो, तो सायक्लोप्स अडकतो. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हे गाळणे नारूच्या रोगामुळे ठाऊक आहे, कारण नारूचे जंतही सायक्लोप्सच्याच शरीरातून मनुष्यात येत. अर्थात गाळलेल्या पाण्यात सुटे जंतू राहू शकतात. म्हणून पिण्याचे पाणी उकळणे किंवा क्लोरीनने शुद्ध करणे आवश्यकच आहे.

वर्गात करावयाचे प्रयोग

1. कांद्याच्या आतील पातीवरचा पातळ पापुद्रा काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा. त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहावे. पेशींच्या भिंती आणि पिवळसर तपकिरी झालेली केंद्रके ओळखून आकृती काढावी.

2. उकळून थंड केलेल्या पाण्यात वाळलेल्या गवताच्या काड्या टाकाव्या व त्यात तळ्याचे थोडे पाणी मिसळून भांडे सैल झाकून ठेवावे. चौथ्या, सहाव्या व आठव्या दिवशी एक एक थेंब तपासून कोणते जीव वाढले, याची नोंद ठेवावी. हे पाणी तोंडाजवळ नेऊ नये आणि काम संपताच साबणाने हात धुवावे. सांडपाणी किंवा रोग्याच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी कधीही वर्गात आणू नये.

3. एका मोठ्या बटाट्याचे दोन सारखे भाग करून प्रत्येकात लहान खळगा कोरावा आणि खळगे कापडाने टिपून कोरडे करावे. एका खळग्यात चमचाभर मीठ घालावे. दुसरा रिकामा ठेवावा. अर्ध्या तासाने पाहिले असता मीठ घातलेल्या खळग्यात पाणी साचलेले आढळेल. रिकामा खळगा ठेवण्याचे कारण विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे आणि देंच्या प्रयोगातील कोणत्या भागाशी तो जुळतो, ते सांगावे. या दोहोंतील फरकही ध्यानात घ्यावा : बटाट्यात मीठ बाहेरून घातले आहे; कॉलऱ्यात आतड्याची पेशी स्वतःच क्षार बाहेर सोडते.

अभ्यासासाठी प्रश्न

1. कोखने इतर रोगांनी मेलेल्या माणसांची आतडीही का तपासली?

2. जंतूंचा द्राव सशाच्या शिरेत टोचला असता कॉलरा झाला नाही. यावरून ‘जंतू विष तयार करीत नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे का ठरले?

3. 1953 चा प्रयोग यशस्वी झाला असताही 1959 मध्ये द्रव गाळून तो प्रयोग पुन्हा करण्याची आवश्यकता का होती?

4. कॉलऱ्याचे विष पेशीला मारीत असते, तर साखर-मिठाच्या पाण्याचा रोग्याला उपयोग झाला असता काय? कारण द्यावे.

5. आपल्या गावातील पिण्याचे पाणी कोठून येते, ते कोठे व कसे शुद्ध होते आणि वाटेत ते दूषित होण्याचा संभव कोठे आहे, याची चौकशी करून एक नकाशा तयार करावा.